इंगोले सरांचा सूर

त्र्यंबक इंगोले सरांना घरात बोलणाऱ्या वस्तूंचा तिटकारा होता, आणि त्यांच्या घरात बायको सोडून जवळजवळ सगळ्याच वस्तू बोलत होत्या. फ्रिज दूध संपल्याचं सांगे. पडदे ऊन वाढल्याचं सांगून स्वतःच मिटत. न्हाणीघरातला आरसा रोज सकाळी सरांचा रक्तदाब जाहीर करी आणि वर 'आज शांत राहा' असा सल्ला देई. "माझ्याहून कमी शिकलेल्या कुणाचंही मी या घरात ऐकून घेणार नाही," असं सर म्हणत. या नियमात फ्रिजबरोबरच शेजारी, नातेवाईक, मंत्री, आमदार आणि अमरावती शहरातली बहुतेक वस्ती बसत असे.

सर राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गावातल्या दैनिकात दर गुरुवारी त्यांचं 'उलटतपासणी' नावाचं सदर येई. सरकारवर ते त्यात तुटून पडत, आणि विरोधकांना तुटून पडण्याच्याही लायकीचं समजत नसत. वाचकांना ते फार आवडे. आपल्याला सोडून बाकी सगळे मूर्ख आहेत, हे कुणीतरी चांगल्या मराठीत लिहून दिलं की माणसाला बरं वाटतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा निनाद चंद्रावर होता. ड्रिलिंगमधला इंजिनीअर. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ काही विवरं इतकी खोल आहेत की त्यांच्या तळाशी ऊन कधी पोचतच नाही. तिथं बर्फ साठलेला आहे. तो खणून काढायचा, त्याचं पाणी करायचं, आणि पाण्यातून पुढच्या यानांसाठी इंधन, असं सरकारचं मोठं स्वप्न होतं. स्वप्न मोठं असल्यामुळे ते निवडणुकीच्या आत दिसणं गरजेचं होतं. निनादचा त्या स्वप्नावर विश्वास होता. सरांच्या दृष्टीने हा त्यांच्या संस्कारांचा पराभव होता.

दर रविवारी सकाळी निनादशी बोलणं होई. चंद्रापर्यंत आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि तिकडून उत्तर यायला तेवढाच. म्हणजे प्रश्न विचारल्यावर अडीच सेकंद समोरचा माणूस नुसता बघत राहिलेला दिसतो. सरांच्या पत्नी वत्सलाबाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या "जेवलास का रे?" असं विचारत आणि पडद्यावरच्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघत थांबत. कानावर प्रश्न पडला की त्याचा चेहरा कसा उजळतो, ते त्यांना बघायचं असे.

सरांना थांबता येत नसे. अडीच सेकंदांत ते पुढच्या मुद्द्यावर गेलेले असत. मग निनादचं उत्तर त्यांच्या वाक्यावर येऊन आदळे, दोघं एकदम गप्प होत, आणि पुन्हा एकदम बोलायला लागत. उभ्या नोकरीत सरांनी वर्गात कुणाला मध्ये बोलू दिलं नव्हतं. आता प्रकाशाचा वेग मध्ये बोलत होता.

तोडगा शेजारच्या गावंडेंनी काढला. वीज मंडळातून निवृत्त झालेले हे गृहस्थ बाजारात आलेलं प्रत्येक यंत्र घरी आणत आणि दुसऱ्यांच्याही घरी न्यायला लावत.

"सर, ते 'सलग' लावून घ्या न," ते म्हणाले. "अंतराळातल्या लोकांशी बोलाचं यंत्र. माझी भाची बोलते नवऱ्याशी. असं वाटते, शेजारच्या खोलीतूनच बोलून राहिला."

"तुमची भाची शेजारच्या खोलीतल्या माणसाशी काय बोलणार, त्याची मला कल्पना आहे," सर म्हणाले. पण यंत्र मागवलं.

'सलग' म्हणजे टेबलावर ठेवायची एक चपटी पेटी. एक आपल्याकडे, एक पलीकडे. पहिले काही आठवडे ती फक्त ऐकते. माणूस कोणत्या विषयावर काय बोलतो, कोणत्या शब्दावर आवाज चढवतो, कुठं दम घेतो, हे शिकते. त्यानंतर ती कामाला लागते. तुमचं वाक्य संपलं की समोरचा काय म्हणेल याचा अंदाज बांधून ती त्याच्याच आवाजात उत्तर सुरू करते. अडीच सेकंदांनी खरं उत्तर पोचतं. ते अंदाजाशी जुळलं तर पेटी तशीच पुढे बोलत राहते. नाही जुळलं, तर वाक्य मध्येच हळूच वळवून खऱ्या उत्तरावर आणते. पडद्यावरच्या ओठांची हालचालही तीच जुळवते. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात होती, पण ती कुणी वाचत नसे. चंद्राकडे जाणारी लाइन अरुंद असते. तिच्यातून सगळ्यांचे आवाज आणि चेहरे जसेच्या तसे पाठवणं परवडत नाही. म्हणून 'सलग' फक्त शब्द पाठवते. आवाज आणि चेहरा पलीकडची पेटी आपल्याजवळच्या माहितीवरून तयार करते. म्हणजे शब्द तुमचे, पण ते कोणत्या सुरात म्हटले असतील हे यंत्र ठरवणार, तुमच्या आजवरच्या बोलण्यावरून. बहुतेकांच्या बाबतीत ते अचूक निघे. बहुतेक माणसं जन्मभर दोन-तीन सुरांवर भागवतात.

पेटीवर एक दिवा होता. अंदाज बरोबर आला की हिरवा, वाक्य वळवावं लागलं की पिवळा. वत्सलाबाई बोलायला बसल्या की तो सारखा पिवळा होई. निनाद आईला काहीही सांगे: कॅम्पमधल्या कुणीतरी मोज्यात मेथी रुजवलीय, चंद्रावरच्या धुळीला फुटलेल्या फटाक्यासारखा वास येतो, काल विनाकारण आजोळच्या विहिरीची आठवण आली. यंत्राची फार धावपळ होई.

सर बसले की राजकारण सुरू होई आणि दिवा हिरवा होऊन तसाच राही.

"जिल्हा परिषदेच्या शाळांवर पत्रे नाहीत आणि तुम्ही चंद्राला भोकं पाडताय," सर म्हणत.

"शाळा आणि चंद्र यांतलं एकच निवडायला कोण सांगतंय, बाबा? पन्नास वर्षं चंद्र नव्हता, तेव्हा कुठं पत्रे बसले?"

"म्हणजे आधीचे नालायक होते म्हणून आताचे लायक. हा तर्क तू कुठं शिकलास? माझ्या घरात तर नाही."

"तुमच्या घरात फक्त नाही म्हणायला शिकवलं."

"तेही नीट शिकला नाहीस. उद्या तिथं पहिला गार वारा लागला ना, की हा देशाभिमान गोळा करून पळत येशील परत."

"चंद्रावर वारा नसतो, बाबा."

"डोक्यातून वाहत असेल."

असं तासभर चाले. सरांना मजा येई. मध्ये थांबावं लागत नव्हतं, वाक्य वाक्याला टोला देत होतं. आणि तो हिरवा दिवा बघून तर त्यांना विशेष आनंद होई. मुलाच्या तोंडून काय येणार हे एका पेटीला त्याच्याआधी कळत होतं. "बघ," ते बायकोला म्हणत, "याच्या मेंदूची आता गरजच उरलेली नाही. पेटी एकटी पुरते." निनादच्या टेबलावरही अशीच एक पेटी आहे, आणि सर बोलतात तेव्हा तिच्यावरचा दिवाही हिरवाच असणार, हा विचार राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला सुचला नाही.

एका रविवारी निनाद समोर आला आणि दिवा पिवळा झाला.

"बाबा, आज भांडायचं नाही. विचारायचं आहे."

सर सावरून बसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर वत्सलाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांचे हात थांबले.

निनादने जे सांगितलं ते असं. विवराच्या तळाशी थंडी शून्याखाली दोनशे अंशांच्या आसपास असते. तिथं उतरताना घालायच्या हातमोज्यांत गरम तारा असतात. त्या तारा काही तासांच्या कामासाठी केलेल्या. पण मतदानाच्या आत पाण्याची पहिली टाकी पृथ्वीच्या कक्षेत पोचलीच पाहिजे, असा वरून हुकूम आला होता. पाळ्या दुप्पट झाल्या. बिजू कुरियन नावाच्या सहकाऱ्याच्या मोज्यातल्या तारा काम चालू असताना विझल्या आणि त्याची बोटं गेली. व्यवस्थापनाने त्याला आजारी म्हणून आत ठेवलं आणि पाळ्या तशाच चालू ठेवल्या.

"मी पाळीप्रमुख आहे," निनाद म्हणाला. "मी खाली जायला नकार दिला तर बाकीचेही देतील. नुसता नकार नाही, मी हे उघडपणे सांगणार आहे, सगळ्यांना. मग मला काय काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे. ज्यांच्या बाजूने मी तुमच्याशी इतके दिवस भांडलो, तेच म्हणतील. बाबा, मी चुकतोय का?"

मुलाने सरांना शेवटचं कधी काही विचारलं होतं, ते त्यांना आठवेना. कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी नाही, लग्न मोडलं तेव्हा नाही, चंद्रावर जाताना तर नाहीच. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"तू बरोबर आहेस," ते म्हणाले. "अजिबात खाली जाऊ नकोस. मला तुझा अभिमान वाटतो."

हे आपण अगदी मनापासून म्हणालो असं त्यांना वाटलं.

पडद्यावर निनाद क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "बरं, बाबा. कळलं." आणि संपर्क बंद झाला.

सर मागे वळले तेव्हा वत्सलाबाई शेंगांची सुपली उचलून स्वयंपाकघरात गेलेल्या होत्या. तिला गहिवरून आलं असेल, असं सरांनी धरलं. त्यांनाही थोडं आलंच होतं. त्या दिवशी आरशाने त्यांचा रक्तदाब उत्तम असल्याचं सांगितलं आणि सरांनी पहिल्यांदाच त्याला मूर्ख म्हटलं नाही.

ते वाट बघत राहिले. बातम्या लावून बसू लागले. ज्या चर्चांना ते गुराढोरांचा बाजार म्हणत, त्याही पूर्ण बघू लागले. मुलाचं नाव आज येईल, उद्या येईल. गुरुवारच्या सदराचं पहिलं वाक्य त्यांनी मनात रचूनही ठेवलं होतं.

आला तो व्हिडिओ. चंद्रावरच्या कॅम्पमध्ये पाण्याच्या टाकीशेजारी पाळीतली माणसं उभी होती आणि मधोमध निनाद. मागे झेंडा. तळाशी उतरून विक्रमी वेळात काम फत्ते करणारे वीर, असं खाली लिहिलेलं. निनाद हसत होता. "आम्ही थांबलो नाही," एवढंच तो म्हणाला. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात तो व्हिडिओ चौकाचौकांत दाखवला गेला. गावंडे पेढे घेऊन आले.

"सर, पोराने नाव काढलं तुमचं."

"माझं नाव काढून त्यांचं लावलं," सर म्हणाले आणि पेढ्यांना हात लावला नाही.

त्या बोलण्यानंतरच्या दोन्ही रविवारी निनादचा फोन आला नव्हता. कामात आहे, असा कॅम्पकडून निरोप आला होता. सरांना आता त्यात नवल वाटलं नाही. तोंड दाखवायला जागा कुठं होती त्याला? माणूस खरोखर इतका पोकळ असू शकतो, याचा त्यांना जवळजवळ अभ्यासकाला व्हावा तसा आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी सदर लिहिलं. 'सत्तेचा बर्फाचा गोळा'. त्यात मुलाचं नाव नव्हतं, पण अमरावतीत सगळ्यांना कळलं. 'आमच्या ओळखीचा एक तरुण रविवारी सकाळी क्रांतिकारक होता,' असं त्यात होतं, 'सोमवारी त्याला गोळा चोखायला दिला. रंग लाल आहे की केशरी, हेही त्याने विचारलं नाही.' लेख खूप गाजला. वत्सलाबाईंनी तो वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि त्या दिवसापासून फ्रिजशी बोलायच्या तेवढंच नवऱ्याशी बोलू लागल्या.

निवडणूक झाली. निकाल लागायचा तो लागला. त्यानंतर वत्सलाबाईंच्या फोनवर बंगळुरूहून एका डॉक्टरबाईंचा फोन आला. निनादला परत आणलं होतं. चंद्रावरून आलेल्या माणसाला इथल्या वजनाची सवय व्हायला वेळ लागतो, तो काळ संपला की घरी पाठवतो, असं त्या म्हणाल्या. उजव्या हाताची जखम भरत आली आहे, असंही म्हणाल्या.

"कसली जखम?" वत्सलाबाईंनी विचारलं.

आईला कुणी कळवलं नसेल, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नव्हतं.

निनाद एका दुपारी आला. काठी टेकत, कडेकडेने. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि तिसरं अर्धं होतं. आईने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सर दाराशी उभे होते. इतके दिवस मनात घोळवलेली सगळी वाक्यं त्यांच्यापाशी तयार होती, पण त्या हातासमोर त्यातलं एकही चालण्यासारखं नव्हतं.

जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलंच. "नकार देणार होतास ना? मग का गेलास?"

निनादने आधी आईकडे पाहिलं. "तुम्ही विचारताय?"

"मी विचारतोय. मी तुला स्पष्ट सांगितलं होतं, जाऊ नकोस."

"सांगितलंत. तू बरोबर आहेस, म्हणालात. मला तुझा अभिमान वाटतो, म्हणालात. आणि हसलात."

"मी हसलो नव्हतो."

"आवाजात हसलात, बाबा. तो सूर मला लहानपणापासून माहीत आहे. पहिला गार वारा लागला की पळून येशील, असं महिनोन्‌महिने म्हणत होतात. मी पळायला निघालो आणि तुम्हाला अभिमान वाटला. मी ते ऐकलं आणि पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी खाली उतरलो. तिसऱ्या पाळीला माझ्या मोज्याच्या तारा गेल्या. व्हिडिओ काढला तेव्हा हात टाकीमागे धरायला सांगितलं होतं. लेखही वाचला तुमचा. दवाखान्यात."

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते ताडकन उठले, पेटीचं माहितीपत्रक शोधून आणलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. शब्द जातात, सूर जात नाही. सूर यंत्र बनवतं.

"हे बघ," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात वर्गातला जोर आला होता. "इथं लिहिलंय. तू ऐकलास तो सूर माझा नव्हताच. या डबड्याने ठरवला. मी मनापासून बोललो आणि या हरामखोरांच्या पेटीने त्याचा टोमणा करून तुला ऐकवला. मी यांना कोर्टात खेचणार आहे. सगळ्या महाराष्ट्राला सांगणार आहे."

निनादने पत्रक घेतलं, वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "म्हणजे तुम्ही खरंच..."

"अरे, खरंच. कसं सिद्ध करू? मूळ आवाज यांनी कुठं ठेवलेलाच नाही." मग त्यांना आठवलं आणि ते बायकोकडे वळले. "तू होतीस ना इथं. त्या खुर्चीवर. तुझ्या कानाला तर पेटी लावलेली नव्हती. सांग त्याला, मी कसं म्हणालो ते."

वत्सलाबाई टेबल पुसत होत्या. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं.

"मी होते," त्या म्हणाल्या.

"मग सांग."

"मलाही तो टोमणाच वाटला."

वत्सलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. "म्हणून मी उठून आत गेले. मनात म्हटलं, पोरगं पहिल्यांदा काही विचारून राहिलं, आणि हे असं बोलून राहिले त्याला."

"पण मी तसं म्हणालो नव्हतो," सर म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

"नसाल म्हणाले. मला तसं ऐकू आलं."

निनादने पत्रक टेबलावर ठेवलं. "आता म्हणा, बाबा," तो म्हणाला. "इथं पेटी नाही. मध्ये काहीच नाही. म्हणा."

सर ताठ बसले. घसा साफ केला. "तू बरोबर होतास," ते म्हणाले. "मला तुझा अभिमान वाटतो."

आणि ते त्यांनी स्वतःही ऐकलं. 'अभिमान' शब्दाच्या टोकाशी आवाजाने घेतलेली ती छोटीशी उचल, डावीकडे किंचित ओढला गेलेला ओठ. ही उचल त्यांनी विद्यार्थ्यांवर वापरली होती, प्राचार्यांवर, मंत्र्यांवर, नातेवाइकांवर, फ्रिजवर. ती आता त्यांना विचारून येत नव्हती.

त्यांनी आवाज खाली आणून पुन्हा म्हटलं. ते शोकसभेतल्या ठरावासारखं आलं. मग सावकाश म्हटलं, तर निनाद सहा वर्षांचा आणि मठ्ठ असल्यासारखं आलं. चौथ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. परीक्षकासारखं नाही. दारात चुकून आलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नसला की आपण बघतो, तसं.

"राहू द्या," निनाद म्हणाला. "शब्द पोचले."

"नाही, थांब. मी—"

"अहो, नका बोलू आता," वत्सलाबाई म्हणाल्या. "नुसते बसा त्याच्यापाशी."

सर उठले. आपली खुर्ची त्यांनी टेबलाच्या पलीकडून ओढत आणली आणि मुलाच्या उजव्या बाजूला, तो हात होता तिकडे, ठेवली. बसले. बाहेर ऊन वाढल्याचं पडद्यांनी सांगितलं आणि ते मिटले. सरांच्या ओठांवर काहीतरी आलं. त्यांनी ते गिळलं. ते काय होतं, हे कुणाला कळलं नाही. वत्सलाबाईंना वाटलं, टोमणाच असणार.